तपासणीचे मोल

पुष्कळ मोटारींच्या इंजिनात चार सिलिंडर असतात हे बहुतेक गाडीमालकांना ठाऊक असते. ते चौघे आपापली पाळी किती काटेकोरपणे सांभाळतात, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक सिलिंडरात हवा व इंधन आत घेणे, ते दाबणे, पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे अशी चार कामे क्रमाने चालतात. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये या चक्रावर चालणारे इंजिन यशस्वी करून दाखविले आणि आजची पेट्रोल गाडीही त्याच चक्रावर चालते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की एका सिलिंडरात एकदा ठिणगी पडते. चौघांची पाळी सामान्यतः १-३-४-२ अशी लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. चारही मिळून १०० वेळा.

या शंभरांतील काही पाळ्या चुकू लागल्या की गॅरेजमधील माणसे म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारते.’ सिग्नलला उभ्या गाडीचे स्टीअरिंग थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही, ॲव्हरेज घसरते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. हा दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवावी. तो उघडझाप करीत असेल तर वेग कमी करून सुरक्षित ठिकाणी थांबणेच शहाणपणाचे. कारण सिलिंडरात न जळलेले पेट्रोल त्या वेळी पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते. त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो. अतिउष्णतेने ती जाळी वितळते. काही शे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष मग अनेक हजारांना पडते.

सिलिंडर पेटण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाण; वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. दुसरी, पुरेसा दाब. तिसरी, नेमक्या क्षणी पडणारी जोरदार ठिणगी. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल काही हजार व्होल्ट करते, तेव्हा प्लगच्या दोन टोकांमधील एक मिलिमीटरच्या आसपासचे अंतर ती ठिणगी ओलांडते. तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट उणी पडली तरी लक्षण मात्र एकच दिसते, ते म्हणजे थरथर. सारी अडचण येथेच आहे. लक्षण एक असते आणि त्यामागची कारणे अनेक.

ज्यांनी हाताने वह्या लिहिल्या आहेत त्यांना ही अडचण परकी नाही. तेरीज जुळत नाही, एवढेच प्रथम दिसते. चूक कोठे आहे हे तेरीज सांगत नाही. जुना मुनीम अशा वेळी सगळी वही पहिल्या पानापासून तपासण्यास बसत नसे. तो आधी फरकाची रक्कम पाही. तिला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असावेत, असे तो ताडी. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर नावेची नोंद जमेला गेली आहे का हे तो पाही. चुकीच्या रूपावरून तिच्या जागेचा माग काढण्याची ही रीत होती.

इंजिनाचीही अशीच रीत आहे. इंजिनाचा संगणक क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर सतत नजर ठेवून असतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की शाफ्टची गती त्या पाळीला किंचित मंदावते आणि ती कोणाची पाळी होती याची नोंद संगणक ठेवतो. स्कॅनर लावला की ती नोंद वाचता येते. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे पुढे. पी ०३०० आला तर मिसिंग कोणा एकाचे नाही, असे समजावे. पेठेत एकाच गिऱ्हाईकाची वसुली थकली तर कारण त्याच्या दुकानात शोधतात. साऱ्या पेठेची थकली तर बाजाराकडे पाहतात. तसेच येथे. एकच सिलिंडर चुकत असेल तर त्याचा प्लग, त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर आणि त्याचा दाब तपासावा. सगळेच चुकत असतील तर पेट्रोलचा दर्जा, पंपाचा दाब, हवेची गळती अशा सामाईक गोष्टींकडे वळावे.

स्कॅनर बोट दाखवितो ते सिलिंडराकडे. त्यातील बिघडलेल्या भागाचे नाव तो सांगत नाही. हा भेद न समजल्याने किती पैसा आणि मनःस्ताप खर्ची पडतो, हे सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-गुळाची अडत करणाऱ्या एका कुटुंबाच्या अनुभवावरून ध्यानी येईल.

त्यांची गाडी सात वर्षांची होती. इंजिन पेट्रोलचे, त्याला सीएनजीचे किट जोडलेले. चाल सुमारे ९०,००० किलोमीटर. गाडीचे सर्वांत महत्त्वाचे काम होते आठवड्यातून दोनदा घरातील आजींना डायलिसिससाठी मिरजेस नेण्याचे. आजींना तेथे चार तास लागत. तेवढ्या वेळात नातू मिरज आणि कुपवाडची वसुली उरकी व त्यांना घेऊन परते. पावसाळा संपता संपता गाडी मिसिंग मारू लागली. नेहमीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी ०३०२ आला. दुसरा सिलिंडर म्हटल्यावर चारही प्लग बदलले गेले, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल नवी बसली, इंजेक्टर स्वच्छ झाले. बिल ११,४०० रुपये. गॅरेजसमोर एक फेरी मारून गाडी ताब्यात दिली गेली आणि फेरीत तरी ती ठीक वाटली.

दोन दिवसांनी थरथर परत आली. एके दिवशी मिरजेहून परतताना गाडी वाटेतच बंद पडली. डायलिसिसनंतर आजींना बसवत नसे, आणि त्या दुपारी रिक्षा मिळेपर्यंत त्यांना रस्त्याकडेला वीस मिनिटे काढावी लागली. घरातील कर्त्या पुरुषाच्या मनात त्या दिवशी जो राग बसला तो केवळ ११,४०० रुपयांचा नव्हता. गॅरेजमध्ये आता ‘इंजिन खोलावे लागेल’ असे सांगण्यात आले आणि खर्चाचा अंदाज ४५,००० वर गेला. पंधरा वर्षांचा व्यवहार असलेल्या माणसाने आपल्याला फसविले, असे त्यांचे ठाम मत झाले. गाडी येईल त्या किमतीला काढून टाकण्याचे बोलणे घरात सुरू झाले.

नातवाने एक शेवटचा प्रयत्न म्हणून गाडी माधवनगर रस्त्यावरील एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. वडीलही सोबत होते. मिरजेहून येताना गाडी परस्पर तेथे नेली, त्यामुळे आजी मागच्या सीटवरच होत्या. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली. “शेठ, तपासणीचे आठशे रुपये होतील. दोष सापडला तरी, नाही सापडला तरी.”

शेठजींना हे रुचले नाही. “सापडला नाही तर पैसे कशाचे?”

उत्तर मुलाने दिले. “अण्णा, ऑडिटरला चूक सापडली नाही म्हणून त्याची फी आपण ठेवून घेतो का?”

शेठजी काही बोलले नाहीत. ती संमती समजून मिस्त्री प्रश्न विचारू लागले. थरथर गॅसवर होते की पेट्रोलवर? उभ्या गाडीला की चढावर? पावसात भिजल्यावर, की इंजिन धुतल्यावर? गाडी गोदामात उभी करता का? धान्याच्या गोदामातील उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून हा प्रश्न. शेवटी त्यांनी विचारले, इंजिन थंड असताना होते की तापल्यावर? बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. पहिल्या गॅरेजमध्ये हे कोणी विचारलेच नव्हते. तेवढ्यात मागून आजी म्हणाल्या, “जाताना गाडी शहाण्यासारखी जाते. येताना तिला हुडहुडी भरते.”

मिस्त्री थांबले आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा वदवून घेतले. जाताना इंजिन थंड असे. येताना ते चार तासांच्या वसुलीने तापलेले असे. मोटारीतील काहीही न समजणाऱ्या वृद्धेने नेमकी खूण सांगितली होती. “आजींना रिक्षाने घरी न्या आणि गाडी ठेवून जा,” असे मिस्त्री म्हणाले. मुलगा आजींबरोबर गेला; शेठजी मात्र पुढे काय होते ते पाहण्यास तेथेच थांबले.

यापुढील तपासणी म्हणजे एकेका संशयिताला निर्दोष ठरवीत जाण्याचे काम होते. मिस्त्रींनी तापलेले इंजिन आधी गॅसवर, मग पेट्रोलवर चालवून पाहिले. दोन्हींवर दुसराच सिलिंडर चुकत होता. गॅसवर थोडा अधिक. या किटमध्ये गॅसचे इंजेक्टर वेगळे आणि पेट्रोलचे वेगळे होते. दोन्ही इंजेक्टर एकाच सिलिंडरचे आणि एकाच वेळी बिघडणे जवळजवळ अशक्य, म्हणून इंजेक्टर सुटले. त्यानंतर इंजिन बंद करून त्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्याची दुसऱ्यावर बसविली, जुना कोड पुसला आणि इंजिन चालविले. कॉइलमध्ये दोष असता तर तो तिच्याबरोबर तिसऱ्याकडे गेला असता आणि कोड पी ०३०३ आला असता. कोड पुन्हा पी ०३०२ आला. कॉइल सुटली. प्लगचीही अशीच अदलाबदल झाली; तोही सुटला. या साऱ्याला एका रुपयाचाही नवा भाग लागला नाही.

उरला दाब. चारही प्लग काढून, इंधन आणि ठिणगी बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरविले आणि प्रत्येक सिलिंडरला दाबमापक लावला. पहिला १७५ पौंड, तिसरा १७०, चौथा १७५. दुसरा केवळ ११५. दाब कोठून तरी गळत होता. दुसऱ्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला तेव्हा १२० भरला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट तात्पुरती बुजून दाब चांगलाच वाढला असता. तसे झाले नाही, म्हणून रिंगाही सुटल्या. मग पिस्टन वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. हवा एअर फिल्टरच्या बाजूने सुसू करीत आली तर इनटेक झडप गळकी, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. मिस्त्रींनी शेठजींना सायलेन्सरजवळ वाकून कान देण्यास सांगितले. आवाज तेथून येत होता. दुसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप पूर्ण मिटत नव्हती.

इंजिन थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, वरचे झाकण उघडून टॅपेटचे अंतर मोजले. झडपेची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. कारण तापल्यावर दांडी लांबते आणि त्या वाढीला जागा लागते. पुस्तिकेप्रमाणे तेथे पाव मिलिमीटर अंतर हवे होते. प्रत्यक्षात ०.१० मिलिमीटरची पट्टीही आत शिरेना. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात झडपेची बैठक अधिक लवकर झिजते. बैठक झिजली की झडप थोडी आत बसते, तिची दांडी तेवढीच वर सरकते आणि फट कमी होत जाते. थंड इंजिनात उरलेली फट कशीबशी पुरत होती. इंजिन तापले की दांडी लांबे, फट संपे आणि झडप किंचित उघडी राही. आजींच्या हुडहुडीचा उलगडा असा झाला.

हे वेळेवर कळले नसते तर काय झाले असते, हेही मिस्त्रींनी सांगितले. एक्झॉस्ट झडप सातशे अंश सेल्सिअसच्या घरात तापते. प्रत्येक पाळीला बैठकीवर टेकून ती आपली बरीचशी उष्णता हेडला देते आणि त्यामुळे टिकते. ती टेकलीच नाही तर तिची कड जळू लागते. कड जळाल्यावर केवळ टॅपेट जुळवून भागत नाही. हेड उतरवून झडप बदलावी लागते. या गाडीची कड अजून शाबूत होती. स्क्रूने सर्व टॅपेटची अंतरे जुळविली, झाकणाचे गॅस्केट नवे घातले आणि इंजिन तापवून दाब पुन्हा मोजला. दुसऱ्या सिलिंडरचा दाब १६५ वर आला होता. बिल असे होते : तपासणी ८००, टॅपेटचे काम १,२००, गॅस्केट ६००, एकूण २,६०० रुपये. पहिल्या गॅरेजने काढलेली कॉइल डिकीत पडली होती. “ती टाकू नका, चांगली आहे,” एवढेच मिस्त्री त्याविषयी बोलले.

शेठजींनी तेथल्या तेथे पहिल्या गॅरेजविषयी तक्रारीचा सूर लावला, तेव्हा मिस्त्रींनी त्यात भाग घेतला नाही. “नव्वद हजार किलोमीटरला प्लग बदलायचेच होते. बाकीचं त्याने अंदाजाने केलं. तपासायला दोन तास लागतात, शेठ. त्या दोन तासांचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक निघून जातं. कॉइल बदलली तर देतं.”

या उत्तरातील सत्य कटू असले तरी नाकारता येण्यासारखे नाही. वस्तूचे दाम मोजताना व्यापारी माणसाचा हात आखडत नाही, कारण वस्तू हातात घेता येते. विचाराला लागलेला वेळ हातात येत नाही. तो फुकट मिळावा अशीच अपेक्षा असते. ही अपेक्षा ओळखून कारागीरही आपली मजुरी भागांच्या किमतीत शोधू लागतो. यात प्रत्येक वेळी लबाडी असतेच असे नाही. अडतीच्या पट्टीत हमाली आणि तोलाई वेगळ्या दाखविल्या जातात. सौदा कमी दराने झाला म्हणून तोलणाऱ्याची तोलाई कोणी बुडवीत नाही. त्याने वजन खरे सांगितले, एवढ्याने ती त्याची झाली. गाडीची तपासणी हीही एक तोलाईच आहे. तेरीज जुळेना तेव्हा फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पाने मिटविता येतात, पण चूक वहीतच राहते. न तपासता बदललेला भाग म्हणजे सस्पेन्स खात्यातील तसलीच नोंद होय.

गाडी मिसिंग मारू लागली तर मालकाने करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. थरथर केव्हा होते याची दोन-चार दिवस कागदावर नोंद ठेवावी : थंड की तापलेले इंजिन, गॅस की पेट्रोल, उभी गाडी की चढ, पाऊस किंवा धुण्यानंतर काय फरक पडतो. घरातील ज्यांना गाडीतले काही समजत नाही त्यांनाही विचारावे. दिवा उघडझाप करीत असेल तर नोंदीसाठीसुद्धा गाडी चालवू नये. चालू इंजिनाच्या कॉइलला किंवा प्लगच्या वायरीला हात लावू नये. तो झटका जीवावर बेतू शकतो. गॅरेजमध्ये कोणता कोड आला ते लिहून घ्यावे आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी तोच का बदलावयाचा, हे विचारावे. ‘अदलाबदल करून पाहिली का?’ हा एक प्रश्नही पुष्कळदा पुरतो. काढलेले भाग परत मागावेत. गाडी परत घेताना ती ज्या स्थितीत थरथरत होती त्याच स्थितीत, तापलेली असेल तर तापवून, चालवून पाहावी. गाडी सीएनजीवर चालत असेल तर टॅपेटची तपासणी ठराविक अंतराने करवून घ्यावी.

आणि बिलात ‘तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ दिसली तर कपाळाला आठी घालू नये. त्या ओळीखालच्या बाकीच्या रकमा आटोक्यात राहतात त्या बहुधा तिच्यामुळेच.